स्मृतिदिनाला फुगे नकोत : कृष्णवर्णीय इतिहासातल्या व्यक्तींची जयंती नीट साजरी करायची तर

अमेरिकेत आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी गेली काही वर्षं दर महिन्याला एक छोटी जयंती बसवते. पहिलीच होती हॅरिएट टबमनची, गुलामगिरीतून स्वतः निसटून इतरांनाही सोडवून आणणाऱ्या बाईची. दिनदर्शिकेत १० मार्चला ‘हॅरिएट टबमन दिन’ छापलेला पाहिला आणि बाकी काही न बघता पोस्टर केलं, केक आणला, पिवळे फुगे लावले. जवळच्या चर्चमधल्या एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई आल्या, पोस्टरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “आजच्या दिवशी तर ती गेली.” १० मार्च १९१३ हा टबमनचा मृत्यूचा दिवस आहे. केक कापायची सुरी माझ्या हातात होती.

ही चूक माझी एकटीची नाही. मंडळांच्या गटांवर, मराठी शाळांच्या फलकांवर आणि इकडच्या प्राथमिक शाळांतही त्याच त्या चुका दरवर्षी दिसतात. कारण बहुतेकदा एकच असतं : पोस्टर आधी होतं आणि माणूस नंतर शोधला जातो. पुढचे टप्पे मुद्दाम उलट्या क्रमाने लावले आहेत. हाताशी सहा आठवडे असतील तर सगळं निवांत होतं. तीन आठवड्यांत ओढाताण होते, पण जमतं.

## टप्पा १ : माणूस निवडा (फेब्रुवारीतच कशाला?)

इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ साली कृष्णवर्णीय इतिहासासाठी फेब्रुवारीतला आठवडा निवडला, कारण लिंकनची जयंती १२ तारखेला आणि गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या फ्रेडरिक डग्लसची १४ तारखेला पाळली जायची. त्या आठवड्याचा पुढे महिना झाला. ब्रिटनमध्ये तो महिना ऑक्टोबरात असतो. पण जयंतीला महिन्याचं बंधन नाही, आणि फेब्रुवारीत अडचणीच जास्त. चांगले वक्ते आधीच ठरलेले असतात, वाचनालयातली पुस्तकं लोकांनी नेलेली असतात आणि मुलांनी शाळेत तेच चार चेहरे पाहिलेले असतात.

म्हणून पहिल्यांदाच करत असाल तर दुसरा महिना घ्या. या तारखा पक्क्या आहेत :

- २६ जानेवारी १८९२ : बेसी कोलमन, वैमानिक
- २३ फेब्रुवारी १८६८ : डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस, अभ्यासक आणि संपादक
- १७ मार्च १९१२ : बायर्ड रस्टिन, १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे मुख्य संघटक
- ४ एप्रिल १९२८ : माया अँजेलो, कवयित्री
- १९ मे १९२५ : माल्कम एक्स, याच तारखेला १९३० साली नाटककार लोरेन हॅन्सबेरी
- १७ जून १८७१ : जेम्स वेल्डन जॉन्सन, कवी
- १६ जुलै १८६२ : आयडा बी. वेल्स, पत्रकार
- २६ ऑगस्ट १९१८ : कॅथरिन जॉन्सन, नासातल्या गणितज्ञ
- २३ सप्टेंबर १९२६ : जॉन कोल्ट्रेन, सॅक्सोफोनवादक
- ६ ऑक्टोबर १९१७ : फॅनी लू हेमर, मतदानहक्काच्या कार्यकर्त्या
- ३० नोव्हेंबर १९२४ : शर्ली चिझम, अमेरिकी संसदेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री
- १३ डिसेंबर १९०३ : एला बेकर, संघटक

निवडताना एकच प्रश्न विचारा : या माणसाचं स्वतःचं काहीतरी आपण त्या दिवशी वाचू, ऐकू किंवा करून पाहू शकतो का? ‘थोर होते’ एवढंच सांगता येत असेल तर तो माणूस या वर्षी सोडा. लहान मुलांसाठी बेसी कोलमन चांगली. अमेरिकेतल्या विमानशाळांनी तिला घेतलं नाही म्हणून ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ साली परवाना घेऊन आली. मुलांना ही गोष्ट एका दमात कळते, शिवाय कागदी विमानं करता येतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना मात्र आयडा बी. वेल्स द्या. कागदी विमानांचं त्यांचं वय गेलेलं असतं.

थांबा : व्यक्ती हयात असेल तर ‘वाढदिवस’ लिहा, ‘जयंती’ नाही. बराक ओबामांची ‘जयंती’ लिहिलेला फलक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. कुणीतरी घाईत जुना मजकूर बदलून छापला होता.

## टप्पा २ : तारीख तपासा

हा टप्पा सगळ्यात लांबलचक आणि लोक सगळ्यात जास्त टाळतात तो हाच. शिवजयंती तारखेने की तिथीने, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातलेल्या आपल्याला खरं तर हे कळायला हवं. इथे भानगड थोडी वेगळी आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या मुलाची नोंद झालीच, तर ती मालकाच्या हिशेबवहीत, मालमत्ता म्हणून. खुद्द त्या माणसाला आपली तारीख कुणी सांगितलेली नसायची. म्हणून हातातली तारीख कोणत्या प्रकारची आहे, ते आधी ठरवा.

पहिला प्रकार : पक्की तारीख. वर दिलेली यादी. काम सोपं.

दुसरा प्रकार : स्वतः निवडलेली तारीख. फ्रेडरिक डग्लसना आपला वाढदिवस ठाऊक नव्हता. आई लाडाने ‘व्हॅलेंटाइन’ म्हणायची, या आठवणीवरून त्यांनी १४ फेब्रुवारी धरली. वर्ष ते १८१७ समजत. मालकाच्या वहीत फेब्रुवारी १८१८ निघालं. तेव्हा फलकावर ‘जन्म : फेब्रुवारी १८१८, वाढदिवस म्हणून १४ तारीख त्यांनी स्वतः निवडली’ असं लिहा. लोक थबकून वाचतात आणि पुढची दहा मिनिटं त्यावरच बोलत राहतात.

तिसरा प्रकार : ‘दिन’ आहे, पण जन्मदिन नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

- टबमन दिन, १० मार्च : मृत्यूचा दिवस. जन्माची तारीख मिळत नाही. मार्च १८२२ मध्ये तिच्या आईसाठी सुईणीला पैसे दिल्याची नोंद सापडली आहे, म्हणून महिना आणि वर्ष धरतात.
- कार्व्हर दिन, ५ जानेवारी : शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याचा. हाही मृत्यूचा दिवस, साल १९४३. मराठी घराघरांत कार्व्हर पोचला तो एका पुस्तकामुळे. ‘एक होता कार्व्हर’, हे सांगायला नको. त्यामुळे आमच्या गटावर दर जानेवारीत ‘कार्व्हर जयंतीच्या शुभेच्छा’ येतात. त्याची जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. साधारण १८६४, मिझुरी राज्यातलं डायमंड गाव, एवढंच सांगता येतं. त्याच्यासाठी काही करायचं असेल तर ५ जानेवारीला ‘स्मृतिदिन’ म्हणून करा. नाहीतर १४ जुलै घ्या. १९४३ साली त्या दिवशी त्याच्या जन्मस्थळाला राष्ट्रीय स्मारक करण्याचा कायदा झाला.
- जॅकी रॉबिन्सन दिन, १५ एप्रिल : १९४७ साली तो बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा खेळला तो दिवस. जन्म ३१ जानेवारी १९१९.
- मार्टिन लूथर किंग ज्युनिअर यांची सुट्टी : जानेवारीतला तिसरा सोमवार. जन्म १५ जानेवारी १९२९. सुट्टी १५ ते २१ यांपैकी कुठल्याही तारखेला येते. २०२७ मध्ये १८ जानेवारीला आहे. सुट्टीच्या दिवशी ‘आज त्यांचा जन्म झाला’ म्हणू नका.

चौथा प्रकार : नंतर दुरुस्त झालेली तारीख. जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग जन्मभर ४ जुलै १९०० सांगत राहिले. पुढे न्यू ऑर्लीन्सच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद मिळाली, तिच्यात जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा निघाला. कवी लँग्स्टन ह्यूज यांचं वर्ष १९०२ छापलं जायचं; कॅन्ससमधल्या जुन्या वर्तमानपत्रांत त्यांचा उल्लेख १९०१ सालीच सापडला, तेव्हापासून १९०१ मानतात. लेखिका झोरा नील हर्स्टन यांचा जन्म ७ जानेवारी १८९१ चा, पण फ्लोरिडात त्यांच्या थडग्यावरच्या दगडावर १९०१ कोरलेलं आहे. दगडावर आहे म्हणजे बरोबरच असेल, असंही नाही.

आता तपासायचं कसं?

१. एक चांगला विश्वकोश बघा. तारखेआधी ‘सुमारे’ आहे का, तळटीप आहे का, ते पाहा.
२. दुसरा आधार वेगळ्या जातीचा घ्या : त्या व्यक्तीचं संग्रहालय, राष्ट्रीय उद्यान सेवेचं स्मारक किंवा कागदपत्रं जपणारं विद्यापीठ. एकमेकांवरून उतरवलेली दोन संकेतस्थळं म्हणजे दोन आधार नव्हेत.
३. दोन्ही जुळले तर पूर्ण तारीख लिहा. नाही जुळले तर जेवढं जुळतं तेवढंच लिहा, नुसता महिना किंवा नुसतं साल.
४. कितवी जयंती, हे चालू सालातून जन्मसाल वजा करून काढा. डग्लस १८१८ धरले तर २०२७ मध्ये २०९ वी. सालच वादाचं असेल तर आकडा गाळा.

तपासा : त्याच तारखेला आणखी काय घडलं? ४ एप्रिल हा माया अँजेलो यांचा वाढदिवस, आणि १९६८ साली त्याच दिवशी किंग यांची हत्या झाली. अँजेलो यांनी पुढे कित्येक वर्षं आपला वाढदिवस साजरा केला नाही. त्या किंग यांच्या पत्नी कोरेटा यांना फुलं पाठवत. त्या दिवशी फुगे फोडायचा खेळ ठेवण्याआधी हे तुम्हाला ठाऊक हवं.

## टप्पा ३ : नावं, उच्चार आणि शब्द

कार्यक्रमाच्या दिवशी सूत्रसंचालक नाव अडखळत घेतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. आठवडाभर आधी नावं मोठ्याने म्हणून पाहा.

‘डू बॉइस’ म्हणायचं. फ्रेंच वळणाने ‘द्यु ब्वा’ नाही. स्वतः ते याबाबत आग्रही होते. ‘अँजेलू’ नाही, ‘अँजेलो’. किंग यांच्या नावातला ‘ज्युनिअर’ सोडू नका, कारण वडिलांचं नावही तेच होतं. नुसतं ‘मार्टिन लूथर’ म्हणाल तर सोळाव्या शतकातले जर्मन धर्मसुधारक समोर येतात. तेही मी एका फलकावर पाहिलंय, दाढी नसलेल्या गोऱ्या पाद्र्याच्या चित्रासकट. डग्लस यांच्या नावाशेवटी रोमन लिपीत ‘एस’ दोनदा येतो. शोधताना एकदाच लिहिलात तर भलतेच डग्लस हाती लागतात.

शब्दांचं म्हणाल तर जुन्या मराठी पुस्तकांत सर्रास असलेला ‘निग्रो’ आज आपल्या वाक्यात वापरू नका. संस्थेच्या किंवा जुन्या लेखाच्या नावात असेल तर तसाच ठेवा, बदलू नका. ‘हबशी’ अजिबात नको. ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’ चालतं. पण दुसरा शब्द अमेरिकेपुरता. मंडेला आफ्रिकन-अमेरिकन नव्हेत, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

आणि ‘ती गुलाम होती’ यापेक्षा ‘तिला गुलामगिरीत ठेवलं होतं’ म्हणा. वाक्य थोडं लांबतं, पण ठेवणारा कुणीतरी होता, हे त्यात येतं.

## टप्पा ४ : त्यांचं स्वतःचं बोलणं शोधा

फलकावरचं सुंदर वाक्य त्या माणसाचं नसण्याची शक्यता फार मोठी असते. ‘मी हजार गुलामांना सोडवलं, आपण गुलाम आहोत हे त्यांना कळतं तर आणखी हजार सोडवले असते’ हे वाक्य टबमनच्या नावावर जगभर फिरतं. ती असं बोलल्याचा पुरावा नाही. आकडाही फुगवलेला. तीनशे माणसं छापतात. अभ्यासक साधारण तेरा फेऱ्यांत सत्तरच्या आसपास माणसं सांगतात. रात्रीच्या अंधारात, पकडून देण्याचं इनाम लागलेलं असताना सत्तर माणसं. हा आकडा वाढवायची गरज कुणाला का वाटावी, ते मला अजून कळलेलं नाही.

गुलामगिरीतून सुटलेल्या वक्त्या सोजर्नर ट्रुथ यांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. ‘मी बाई नाही का?’ असं पुन्हापुन्हा विचारणारं भाषण सगळ्यांना पाठ असतं. ते भाषण १८५१ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी झालं. त्याच वर्षी छापून आलेल्या वृत्तांतात हा प्रश्न नाही. तो येतो बारा वर्षांनंतर दुसऱ्या बाईंनी लिहिलेल्या पाठात, आणि त्यात ट्रुथ यांच्या तोंडी दक्षिणेतली बोली घातली आहे. प्रत्यक्षात त्या न्यू यॉर्क राज्यात वाढल्या, त्यांची पहिली भाषा डच होती. वाचायचा तर १८५१ चा पाठ वाचा.

कामाची पद्धत :

१. आवडलेलं वाक्य कोणत्या भाषणात, लेखात किंवा पत्रात आहे, ते तारखेसह शोधा. सापडलं नाही तर वाक्य सोडा, कितीही आवडलेलं असो.
२. त्याच्या आगेमागे दोन परिच्छेद वाचा. पुष्कळदा तुम्ही निवडलेल्यापेक्षा चांगलं वाक्य तिथेच बसलेलं असतं.
३. वाचनाचा उतारा तीन ते चार मिनिटांचा ठेवा. डग्लस यांचं ४ जुलैबद्दलचं भाषण (ते ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरमध्ये झालं) संपूर्ण वाचायला बसलात तर समोसे थंड होतील.
४. मराठी अनुवाद वाचणार असाल तर मूळ इंग्रजी उतारा समोरच्यांच्या हाती द्या.

थांबा : हक्कांचा प्रश्न बघा. डग्लस, वेल्स यांचं एकोणिसाव्या शतकातलं लेखन कुणीही छापू शकतं. किंग यांची भाषणं मात्र हक्काधीन आहेत आणि त्यांचे वारस ते हक्क काटेकोरपणे सांभाळतात. ‘माझं एक स्वप्न आहे’ हे संपूर्ण भाषण पुस्तिकेत छापून वाटू नका. चार ओळी उद्धृत करा, बाकीचं घरी ऐकायला सांगा.

मराठी मंडळींसाठी एक तयार उतारा सुचवते. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डू बॉइस यांनी जुलैअखेर उत्तर दिलं. दोन्ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्टमधल्या संग्रहात आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. २३ फेब्रुवारीला एकाने एक पत्र वाचावं, दुसऱ्याने दुसरं. पाच मिनिटांत होतं. जोतीरावांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं होतं. डग्लस यांच्या दिवशी ती अर्पणपत्रिका वाचता येईल. पण दोन्हींपैकी एकच घ्या, आणि तेवढ्यावर थांबा. दुसऱ्याच्या जयंतीला अर्धा वेळ आपल्याच घरच्या गोष्टी सांगत बसू नये.

## टप्पा ५ : चित्र

आता पोस्टर. त्याआधी नाही.

बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून अटक झालेल्या रोझा पार्क्स यांचा बसमध्ये खिडकीतून बाहेर पाहतानाचा फोटो सगळ्यांना आठवतो. तो अटकेच्या दिवसाचा, १ डिसेंबर १९५५ चा नाही. त्या अटकेनंतर बसवर घातलेला बहिष्कार संपल्यावर, २१ डिसेंबर १९५६ रोजी, वृत्तपत्रांसाठी मुद्दाम काढलेला आहे आणि मागे बसलेला गोरा माणूस पत्रकार आहे. बोटांचे ठसे घेतानाचा फोटोही त्या दिवसाचा नाही. तो फेब्रुवारी १९५६ मधल्या दुसऱ्या अटकेचा आहे. फोटो वापरा, पण खाली खरी तारीख घाला.

डग्लस यांच्या बाबतीत उलट सुख आहे : एकोणिसाव्या शतकात ज्यांचे सर्वाधिक फोटो निघाले अशा अमेरिकनांत ते येतात. दीडशेच्या वर फोटो मिळतात आणि जवळजवळ कुठेच ते हसत नाहीत. हे त्यांनी ठरवून केलं होतं. त्यांना अ‍ॅपवर हसवू नका. यंत्राने बनवलेली किंवा रंगवलेली चित्रंही नकोत, कारण त्यात चेहराच बदलतो. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयातून मूळ फोटो उतरवून घ्या आणि त्याखालची हक्कांबद्दलची ओळ वाचा.

तपासा : पोस्टर छापण्याआधी ते अशा एका माणसाला दाखवा, ज्याने आतापर्यंतच्या तयारीत काहीच केलेलं नाही. नाव, तारीख, फोटोची तारीख, वाक्याचा आधार या चार गोष्टी त्याला बोटाने दाखवता आल्या पाहिजेत.

## टप्पा ६ : माणसं बोलवा, क्रम लावा

बाहेरचा वक्ता हवा असेल तर सहा आठवडे आधी विचारा आणि मानधन किती, ते पहिल्याच निरोपात सांगा. ‘आमचं छोटं मंडळ आहे’ हे वाक्य कृष्णवर्णीय वक्त्यांनी फेब्रुवारीत फार वेळा ऐकलेलं असतं.

शाळेत करत असाल तर वर्गातल्या एकुलत्या एक कृष्णवर्णीय मुलाला ‘तू बोल’ म्हणू नका. आपण होऊन हात वर केला तर गोष्ट निराळी.

कार्यक्रम पाऊण तासाचा पुरे. माझा क्रम असा असतो : पाच मिनिटं ओळख, तारखेच्या गोष्टीसह. दहा मिनिटं दोघांनी मिळून वाचन. वीस मिनिटं हातांनी करायचं काम. शेवटची दहा मिनिटं गाणं आणि खाणं. भाषण नाही. अध्यक्षीय समारोप तर नाहीच. त्यावरून एकदा रुसवेफुगवे झाले, पण कार्यक्रम वेळेत संपला.

हातांनी करायचं काम म्हणजे काय? डग्लस यांच्या दिवशी, १४ फेब्रुवारीला, कृष्णवर्णीय इतिहासातली जुनी हस्तलिखितं ऑनलाइन टंकून देण्याचा सामूहिक उपक्रम चालतो. ठाण्यात बसूनही त्यात भाग घेता येतो. किंग यांच्या सुट्टीला १९९४ च्या कायद्याने सेवेचा दिवस केलं आहे, म्हणून त्या दिवशी अन्नपेढीत पाळी लावा. मंडेलांच्या १८ जुलैला ६७ मिनिटं काम करायची प्रथा आहे, त्यांच्या सार्वजनिक जीवनाच्या ६७ वर्षांसाठी.

गाण्यांत दोन चांगली. ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हे जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी लिहिलं, त्यांच्या भावाने चाल लावली, आणि १२ फेब्रुवारी १९०० रोजी जॅक्सनव्हिलमध्ये पाचशे शाळकरी मुलांनी ते पहिल्यांदा गायलं, लिंकनच्या जयंतीला! म्हणजे गाणंच जयंतीसाठी जन्मलेलं. ते सुरू झालं की उभं राहतात. हे आधी सांगून ठेवा. दुसरं गायक स्टीव्ही वंडर यांचं. किंग यांच्या जन्मदिनी सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी ‘हॅपी बर्थडे’ गाणं केलं, आणि आज कृष्णवर्णीय घरांत केक कापताना नेहमीच्या गाण्याऐवजी बहुधा तेच म्हणतात. माहिती नसेल तर पाहुणे एक गाणं सुरू करतात, तुम्ही दुसरं, आणि मेणबत्त्या वितळत राहतात.

थांबा : हार, कुंकू, दीपप्रज्वलन. आपल्याकडे फोटोला हार घालणं सहज होतं. आलेल्या चर्चच्या मंडळींना फोटोच्या कपाळावर कुंकू पाहून काय वाटेल, याचा विचार करा. मी फोटोशेजारी फुलदाणी ठेवते, आणि समई लावलीच तर ती का लावली हे एका वाक्यात सांगते.

## टप्पा ७ : खाणं आणि वेश

इथे फार लिहीत नाही, पण चुका सगळ्यात महाग पडतात त्या इथेच.

तळलेलं चिकन आणि कलिंगड यांचा ‘खास बेत’ करू नका. या दोन पदार्थांवरून कृष्णवर्णीयांची शंभर वर्षांहून जास्त काळ टिंगल झाली आहे. आपल्याला कलिंगड म्हणजे नुसता उन्हाळा वाटतो. त्यांना वाटत नाही. नेहमीचा केक, नेहमीचे समोसे पुरेत. किंवा त्या माणसाशी खरा संबंध असलेलं काही करा. कार्व्हर यांनी १९१६ साली काढलेल्या पत्रिकेत शेंगदाण्याच्या १०५ पाककृती आहेत, त्यात सूपही आहे. आपल्या उपासाच्या दाण्याच्या आमटीची चुलत बहीण म्हणा. (पीनट बटरचा शोध मात्र त्यांनी लावलेला नाही, हे वाक्य फलकावरून पुसा.) आणि शाळेत शेंगदाणा नेण्याआधी विचारा. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत अ‍ॅलर्जीमुळे त्याला बंदी असते.

वेशभूषा स्पर्धा असेल तर टोपी, चष्मा, हातात पुस्तक, वैमानिकाचं जाकीट हे सगळं चालेल. चेहऱ्याला काळा रंग लावायचा नाही. काजळाचा हलका हातसुद्धा नाही. गोऱ्या नटांनी तोंड काळं करून केलेल्या नकलांची आठवण तिथे अजून ताजी आहे. केसांचा टोप नाही, हेल काढून बोलणं नाही, साखळदंड नाहीत, लिलावाचं नाट्य नाही. आईवडिलांना हे आठ दिवस आधी लेखी कळवा, कारण गॅदरिंगच्या सवयीने आजीच मुलाला रंगवून आणते आणि मग त्या मुलाला दारातून परत पाठवायची वेळ येते.

## टप्पा ८ : त्या दिवशी आणि नंतर

सकाळी पोस्टर एकदा मोठ्याने वाचा. वाचणाऱ्या दोघांना उतारे मोठ्या अक्षरांत छापून द्या. फोन ऐन वेळी झोपतो. पाहुण्याचं नाव कसं उच्चारायचं, ते त्यांनाच विचारा. कुणी चूक दाखवली तर तिथल्या तिथे पेनाने दुरुस्त करा. झाकू नका, वादही घालू नका.

संपल्यावर एका फायलीत तीन कागद ठेवा : तारखेचा आधार, उताऱ्याचा आधार, फोटो कुठून घेतला. पुढच्या वर्षी काम अर्ध्यावर येतं आणि नवीन आलेल्या कार्यकर्त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

टबमनचं पोस्टर मी टाकलं नाही. ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’वर पांढरी पट्टी चिकटवून ‘स्मृतिदिन, १० मार्च १९१३’ लिहिलंय, आणि त्याखाली ‘जन्म : मार्च १८२२, तारीख अज्ञात’. पट्टीतून जुनी अक्षरं अजून थोडी दिसतात. त्या बाई दर मार्चमध्ये येतात, आधी तिथे बघतात आणि मग खुर्ची घेतात.